सडीच्या कोपऱ्यातलं बेणं

कुरुंदा, शनिवार

प्रिय आक्का,

एका प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, आणि येत नाही हे सगळ्यात आधी तुलाच सांगते. सगळं गाव चांगल्या रानातल्या जोमदार झाडाखालचं हळदीचं बेणं पुढच्या सालासाठी ठेवतं. मग जिथं हळद दरसाल सडते, त्या कोपऱ्यात जाऊन तिथलंच बेणं राखून ठेवावं असं एखाद्याला का वाटावं? हैदराबादला मुलाखतीत मला हे विचारलं. मी काहीतरी बोलले, पण ते उत्तर नव्हतं.

फोन का नाही केला, म्हणशील. तुझा फोन ओसरीवर असतो. आधी तुझ्या सासूबाई आमच्या म्हशीची खुशाली विचारतात, मग दाजी कुरुंद्याला पाऊस किती झाला ते विचारतात, आणि शेवटी तू येतेस ती "बोला कलेक्टरीनबाई" म्हणून हसतच. त्यात मला हे सांगता आलं नसतं. म्हणून हे पत्र दीक्षाच्या हाती धाडतेय. वसमतच्या बसमध्ये माझ्यासाठी दप्तर टाकून जागा धरायची ती दीक्षा. आता तुमच्या गावच्या, डोंगरकड्याच्या दवाखान्यात नर्स आहे आणि उद्या सुट्टी संपवून परत येतेय. तिला सांगितलंय, आक्काच्या हातातच दे.

घरी सगळं ठीक आहे. मायची पाठ बरी आहे, पण वाकायचं नाही हे ती ऐकत नाही. हळद उगवून आली. ओढ्याकडच्या कोपऱ्यात तुझं बेणं मी आणि मायनं लावलं. सरीत पाणी साचलंय, कोंब मात्र ताठ आहेत. माय रोज सकाळी तिकडं चक्कर मारते आणि मला म्हणते, थोरलीला सांग, तिचे लेकरं बरे आहेत.

शिष्यवृत्तीचं तुला फोनवर "यादीत नाव लागलं" एवढंच सांगितलं होतं, आता नीट सांगते. ते हैदराबादचं विद्यापीठ सरकारी असलं तरी परराज्यातल्या मुलांना तिथं फी जास्त पडते, वसतिगृह वेगळं. गुणवत्तेवर दिलेली शिष्यवृत्ती मिळाली तरच आपल्यासारख्याचं जाणं, नाहीतर नाही. परराज्यातल्यांसाठी एमएस्सीला अशा दोनच असतात. प्रवेश परीक्षेचे गुण एक आणि आपण आधी केलेलं काम दुसरं, ते दोन्ही धरून निवड करतात. परीक्षेत मी पुढं होते, पण माझ्याएवढे गुण आणखी चौघांना होते. म्हणजे निवड कामावर होणार होती. आणि मी कामात काय दिलं, ते तुला माहीत नाही. तुझे कॅलेंडरचे कागद दिले.

जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पाठीवर तू पेन्सिलीनं काढलेल्या रेघा. उभी रेघ म्हणजे उभं राहिलेलं झाड, आडवी म्हणजे सडून गेलेलं. पहिल्या सालाच्या पानावर आडव्या रेघांचं नुसतं रान माजलंय. मधे कुठंतरी सात उभ्या. ती सात झाडं तू खुंट्या मारून राखलीस, त्यांचं बेणं वेगळ्या पोत्यात भरलंस, पोत्याला मायच्या लाल लुगड्याची चिंधी बांधलीस आणि पुढच्या साली चांगलं रान सोडून ते पुन्हा त्याच सडक्या कोपऱ्यात लावलंस. मला आठवतं, लखमाकाका बांधावरून म्हणाले होते, "काय गं, मेलेल्याच्या घरात सोयरीक करून राहिली?" तू वर न बघता म्हणालीस, "काका, जे मेलं न्हाई त्याच्याच घरात करून राहिले." त्या वेळी मी बारावीत होते आणि तुझी मला लाज वाटली होती. हेही आज लिहून टाकते.

दुसऱ्या साली उभ्या रेघा वाढल्या. तिसऱ्या साली आणखी. मग तुझं लग्न झालं, आणि रुखवतात लाडवांच्या परड्यांशेजारी तू ते लाल चिंधीचं पोतं ठेवलंस. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. पुढची दोन सालं इथं राहिलेल्या बेण्याचा कोपरा मी मोजला, तेही पहिल्या साली विसरले तेव्हा तू फोनवर झाडलंस म्हणून. पानं पाच, त्यातली तीन तुझी. माझ्या दोन पानांवर शास्त्रीय तक्ता आहे, टक्केवारी आहे, सगळं आहे. तरी बघणाऱ्याचा डोळा तुझ्या रेघांवरच थांबतो.

अर्ज वसमतला प्रमोदभाऊच्या नेट कॅफेत भरला. शेवटी एक चौकोन होता, की हे काम माझं स्वतःचं आहे. माझा हात थांबला. प्रमोदभाऊ म्हणाला, घरचं म्हणजे आपलंच की, दाब. मी दाबलं. खरं सांगू, तेव्हा मला फार काही वाटलंसुद्धा नाही. आपल्याकडं असंच असतं ना. बेणं माय निवडते, हळद मायच्या देखरेखीत शिजते, ढोलात घोळून पिवळीधमक होते, आणि वसमतच्या बाजारात ढिगावर चिठ्ठी लागते बाबांच्या, सटवाजी या नावाची. मायला त्याचं कधी वाईट वाटलेलं मी बघितलं नाही. बाबांनाही कधी नवल वाटलं नाही. मीही त्याच घरची.

मुलाखतीला बाबा सोबत आले. धुवट धोतर, टोपी, आणि पिशवीत मायनं दिलेली दशम्यांची चळत. मला आत बोलावल्यावर ते फाटकाजवळ पहारेकऱ्यापाशी बसले. आत तिघंजण होते. त्यातल्या पांढऱ्या केसांच्या बाईच मुख्य होत्या, हिंदीत बोलत होत्या. त्यांनी माझे तक्ते बाजूला ठेवले आणि तुझं पहिलं पान बराच वेळ हातात धरलं. मग दुसऱ्या दोघांना दाखवलं. म्हणाल्या, आम्ही मुलांना मोजायला शिकवतो, इथं मोजण्याची रीतच नवी काढली आहे. हे बेणं खरंच वेगळं आहे की नाही हे तपासावं लागेल, पण ज्या नजरेनं हे पाहिलंय ती नजर शिकवून येत नाही. आक्का, मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. त्यांना वाटलं मी स्वतःच्या कौतुकानं लाजले.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. सडलेल्या जागीच का? मी म्हणाले, निवडीबद्दल पुस्तकात वाचलं होतं. त्यांनी मान हलवली, आणि मला लख्ख दिसलं की एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांची निराशा झाली.

बाहेर आले तर बाबा आणि पहारेकरी दशम्या खात होते. बाबांची दखनी हिंदी तिथं बराबर चालते, वीस मिनिटांत दोघांनी एकमेकांची खानदानं काढली होती. पहारेकऱ्यानं विचारलं असावं, पोरगी कशासाठी आली. बाबा त्याला सांगत होते, "हल्दी बडी की, किताब छोटी की." म्हणजे हळद थोरलीची, पुस्तक धाकटीचं. त्या सगळ्या आवारात त्या दिवशी खरं बोललेला माणूस एकच होता, आणि त्याला ते माहीत नव्हतं. परतीच्या गाडीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. बाबांना वाटलं, मुलाखत वाईट गेली. त्यांनी उरलेली दशमी माझ्या पदरात टाकली.

तरीही मी गप्प राहिले असते. यादी लागली, नाव आलं, लखमाकाकांनी पेढे वाटायला लावले. मग विद्यापीठानं मागितलेली कागदपत्रं काढायला मी मायची पत्र्याची पेटी उपसली. माझा शाळा सोडल्याचा दाखला सापडला, आणि त्याच्याखाली घडी घातलेली तुझी दहावीची गुणपत्रिका. विज्ञानात एक्क्याण्णव. मला त्यात चौऱ्याऐंशी होते, आणि तेवढ्यावर मला गावातली हुशार म्हणतात.

मला तो उन्हाळा आठवला. मायच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं, दोघींतली एक घरी लागणार होती, मी सातवीत होते. बाबा बाजेवर डोकं धरून बसलेले. तू चूल फुंकत होतीस, तिथूनच म्हणालीस, "मी काठावर पास झाले. मला न्हाई जमत ते विज्ञान-बिज्ञान. आपल्या शिवीलाच शिकवा." कुणी कागद मागितला नाही. का मागतील? तू किती सहज बोललीस ते. मी आजवर समजत होते की तुला शाळा आवडत नव्हती म्हणून मी शिकले. आपल्या घरातली पहिली पदवीधर म्हणून ग्रामपंचायतीनं मला शाल दिली तेव्हा तू सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होतीस.

तू मला कधी हे बोलून दाखवलं नाहीस, आणि दाखवणारही नव्हतीस. शाळा सुटली तरी तुझं बघणं सुटलं नाही. प्रयोगशाळा नव्हती तर तू कोपरा धरलास, वही नव्हती तर कॅलेंडर उलटं केलंस. मी पुस्तकात जे तीन वर्षं वाचलं ते तू चिखलात उभं राहून केलंस. मला जगात कुणासारखं व्हायचं असेल तर तुझ्यासारखं. पण तुझ्यासारखं व्हायचं म्हणून तूच होऊन बसायचं, हे बरोबर नाही.

मागच्या सोमवारी विद्यापीठातून पत्र आलं. येताना बेण्याचा नमुना आणा, आमच्या वाफ्यात लावू, पाटीवर निरीक्षण करणाऱ्याचं नाव म्हणून तुमचं नाव राहील. मी ती पाटी डोळ्यांपुढं आणून पाहिली. वसमतच्या बाजारातल्या ढिगावरच्या चिठ्ठीसारखीच दिसली.

आक्का, परवा, गुरुवारी, मी त्या बाईंना ई-मेलनं सगळं लिहून पाठवलं. तीन पानं माझ्या बहिणीची, दोन माझी, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, तिच्याकडे आहे. काल त्यांचं उत्तर आलं. हे समितीपुढे ठेवावं लागेल, शिष्यवृत्ती राहील की यादीतल्या पुढच्याला जाईल हे आत्ता सांगता येत नाही, त्याआधी बहिणीशी बोलायचं आहे. बाबांना अजून सांगितलं नाही. मायला सांगितलं. ती उठून कोपऱ्याकडं चक्कर मारून आली.

हे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी. मंगळवारी दुपारी त्या बाईंचा फोन येईल. मी तुला ओळखते. तू पहिल्या वाक्याला म्हणशील, ते सगळं आमच्या धाकटीचंच हाय, मी तर नुसती खुरपायला होते. चुलीजवळ बसून बोलली होतीस तितकंच सहज बोलशील, आणि त्या विश्वास ठेवतील. या वेळी तसं करू नको. एकदा केलंस, तेवढ्यावर मी इथपर्यंत आले. शिष्यवृत्ती गेली तर मी पुन्हा परीक्षा देईन, माझ्या दोन पानांवर देईन. तू फक्त त्यांना सांग, सडक्या कोपऱ्यातच का. मलाही ऐकायचंय. कॅलेंडरच्या तिन्ही पानांवर खालच्या कोपऱ्यात तुझं नाव घालून, त्यांचे नवे फोटो काढून, तुझ्या नंबरासकट मी काल संध्याकाळीच पाठवून दिले आहेत.

तुझीच,
शिवी