दुसऱ्या बाजूनं उभं राहताना

आबा, तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. या सहा-सात महिन्यांत तुमचा जेवढा राग आला, तेवढा त्या बावीस वर्षांत मिळून आला नसेल. वर बसून मिशीत हसू नका. तुमच्याशी भांडायला दुसरं कुणी उरलं नाही म्हणून हे लिहायला बसलेय. आई होती तोवर तिच्याकडे तुमच्या तक्रारी करता यायच्या आणि ती दर वेळी तुमचीच बाजू घ्यायची. आता तीही नाही. तेव्हा मुकाट्यानं ऐकून घ्या, हवालदारसाहेब.

फलटणचं आपलं स्वयंपाकघर आठवतं का? चुलीच्या डाव्या अंगाला मी बसायची, कारण उजव्या अंगाला बसले की माझं कोपर शेजारच्याच्या ताटात जायचं. पोर डावरी निघाली हे आईनं तुमच्यापासून वर्षभर लपवलं. तुम्ही सुट्टीवर आलात की ती मला आधीच जेवायला घालायची. मग तुम्ही पेन्शनवर घरी आलात आणि पहिल्याच दिवशी माझ्या डाव्या हातातली भाकरी बघितलीत. ‘त्यो हात खाली घे. माणसं त्या हातानं जेवत न्हाईत.’ मी खाली घेतला आणि दोन घास झाल्यावर तो आपोआप परत वर आला. तुम्ही उठलात, खुंटीवरचा पट्टा आणलात आणि माझा डावा हात पाठीमागं कमरेला बांधून टाकलात. आई म्हणाली, ‘आवं, लेकरू हाय, घास तरी सुखानं गिळू द्या की!’ तुम्ही तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी उजव्या हातानं भात सांडत, रडत जेवले. असं किती महिने चाललं ते मला आठवत नाही, पण उजव्या हातानं आमटी-भात न सांडता जेवायला लागले त्या दिवशी तुम्ही मला जत्रेत नेलंत, ते आठवतं.

आणि मग माळ. पुण्याच्या कॅम्पात तुमची फौजेतली शेवटची काही वर्षं साहेब लोकांच्या गोल्फच्या मैदानावर गवत राखण्यात आणि त्यांच्या पिशव्या उचलण्यात गेली. तुमच्या एका साहेबानं जाताना तुम्हाला एक जुनी काठी दिली. तिला क्लब म्हणतात हे तुम्हाला माहीत होतं, पण मरेपर्यंत तुम्ही काठीच म्हणालात आणि मीही आतल्या आत काठीच म्हणते. कालव्यापलीकडच्या माळावर तुम्ही रोज सकाळी एकटेच बॉल मारत बसायचात. गाव हसायचं. ‘हवालदाराच्या डोक्यावर परिणाम झालाय,’ म्हणायचं. एक दिवस बॉल वेचायला मला बरोबर नेलंत आणि सहज काठी हातात दिलीत. मी माझ्या मनानं डाव्या बाजूनं उभी राहिले. तुम्ही मला दोन्ही खांद्यांना धरून पलीकडे फिरवलंत. काठी एकच होती आणि ती उजव्यांची होती, तुमचाही इलाज नव्हता. पण मग तुम्ही जे बोललात ते मी अजून विसरले नाही. ‘उजवा हात नुसता सोबतीला ठेव. काठी डाव्यानं वढ. तुझ्या डाव्यात लय जोर हाय, गड्या.’

घरात जो हात बांधायचा, माळावर त्याचंच कौतुक. आणि ‘गड्या’! पोरीला कोण गड्या म्हणतं? घरी मी नुसती ‘ए पोरी’ होते. त्या एका शब्दासाठी मी पहाटे तुमच्या आधी उठून दारात उभी राहायची. तुम्ही म्हणालात ते खरंच होतं. पुढं मी शिकले, शिकवायला लागले, तेव्हा नीट कळलं. उजव्या बाजूनं खेळताना पुढं असतो तो डावा हात, आणि काठी खेचून आणतो तोही तोच. माझा डावा जन्मजात तगडा, म्हणून माझा बॉल पहिल्यापासून सरळ गेला. तुम्हाला हे खरंच कळत होतं, की काठी एकच होती म्हणून आंधळेपणानं बरोबर पडलं? मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, आबा. आता हे मला कोण सांगणार?

त्या डाव्या हातावर मी आयुष्य काढलं. तुमच्याच साहेबानं चिठ्ठी दिली आणि मी महाबळेश्वरच्या अलीकडच्या रिसॉर्टवर लागले. नऊ होलचं छोटं मैदान, पाहुणे येतात, तास-दोन तास शिकतात, जातात. तिथंच टॅक्सी चालवणारा नवरा मिळाला. सत्तावीस वर्षं मी तिथं ‘गोल्फच्या मॅडम’ आहे. आपल्या घरातल्या एकाही बाईला स्वतःच्या कामाची अशी हाक मारली गेली नव्हती. मला मिरवायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

यंदा पाडव्यानंतर डावा गुडघा बसला. साताऱ्याच्या डॉक्टरनं फिल्म उजेडात धरली आणि म्हणाला, ‘ताई, आतली गादी फाटलीय. इतकी वर्षं बॉल मारल्यावर सगळं अंग पिळून याच पायावर येत होतं ना? आता एक जोराचा पीळ बसला की गुडघा गेला समजा.’ मी म्हटलं, मग मी काय करू, माझं कामच ते आहे. त्याला गोल्फमधलं ओ का ठो कळत नव्हतं, पण माणूस भला. मला तिथंच उभं करून दोन्ही बाजूंनी वळायला लावलं आणि म्हणाला, ‘त्या दुसऱ्या बाजूनं खेळा. मग पीळ उजव्या पायावर जाईल. तो पाय चांगला आहे.’

घरी येताना मी गाडीत चक्क गाणं म्हणत होते. मी तर मुळातच डावरी! नवरा म्हणाला, ‘तुला काय अवघड? देवानं दिलेल्या बाजूला परत जायचं.’ रिसॉर्टचा मॅनेजर म्हणाला, हाउसकीपिंगच्या बायका म्हणाल्या, सगळ्यांनी तेच म्हटलं आणि मीही मूर्खासारखी खरं मानलं. पुण्याहून डावऱ्या लोकांच्या जुन्या काठ्या मागवल्या. पहिल्या सकाळी उभी राहिले, मारला, आणि काठी बॉलच्या वीतभर मागं मातीत रुतली. दुसरा बाजूला आडवा पळाला. तिसऱ्याला काठी लागलीच नाही.

बाजू बदलली की हातही बदलतो, हे सत्तावीस वर्षं दुसऱ्यांना शिकवणाऱ्या बाईच्या डोक्यात आलं नाही बघा! डाव्या बाजूनं उभं राहिलं की पुढं उजवा येतो, ओढायचं काम उजव्याचं होतं. आणि माझा उजवा म्हणजे तुम्ही पट्टा बांधून तयार केलेला हात. त्याला जेवता येतं, लिहिता येतं, हळदीकुंकवाला कुणी तोंड वाकडं न करता कुंकू लावता येतं. पण ओढायचं त्याला कुणी शिकवलंच नाही. ‘नुसता सोबतीला ठेव,’ म्हणाला होतात ना? तो पन्नास वर्षं सोबतीलाच राहिला. आणि डावा, ज्याचा एवढा जोर, त्याला मागं राहायचं माहीत नाही. तो मध्येच घुसतो आणि सगळं नासवतो. म्हणजे माझी धड ना ही बाजू राहिली, ना ती.

पावसाळाभर मैदान बंद असतं. गाड्या लावायच्या शेडमध्ये जाळी बांधून मी मारत राहिले. चार महिने, आबा. तळहाताला फोड आले, फुटले, परत आले. केर उलट्या बाजूनं काढला, पाणी उलट्या बाजूनं उपसलं. नवरा हसायचा, ‘आता चहापण उलटा पाजणार का?’ मग एक दिवस त्यानं मला शेडमध्ये हातावर हात मारून घेताना बघितलं, ‘मर मेल्या, मर मेल्या’ म्हणताना, आणि तेव्हापासून तो हसला नाही. मला कसली भीती वाटत होती सांगू? कामाची तर होतीच. मॅनेजरनं स्पष्ट सांगितलं होतं, ‘मॅडम, दिवाळीला सीझन सुरू होतो. नुसतं तोंडानं शिकवून गेस्ट ऐकत नाहीत. दसऱ्यानंतर मैदानातल्या ओढ्यावरून दहा बॉल मारून दाखवा. सहा पलीकडे गेले तर तुम्ही, नाही तर आपण दुसरं माणूस बघू.’ पण त्याहून मोठी भीती ही होती की माझ्यात हे कधी नव्हतंच. एका बाजूनं उभं केलं म्हणून आलं, त्यात माझं असं काहीच नव्हतं.

नवरात्रात कधीतरी उजवा थोडा ऐकायला लागला. रोज नाही. आज दहातले चार, उद्या एकही नाही. मी देवीसमोर बसून रडले, एरवी मी अशी रडणारी नाही हे तुम्हाला माहीत आहे.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी सकाळी मॅनेजर खुर्ची टाकून बसला. पहिले दोन ओढ्यात. तिसरा कसाबसा पलीकडे पडला, चौथाही गेला. पाचवा पाण्यात. मग सहावा, सातवा, आठवा पलीकडे. नववा पाण्यात. दहाव्याला मी डोळे मिटले असावेत, कारण तो जाताना मला दिसलाच नाही, मॅनेजरची टाळी तेवढी ऐकू आली. सहा! त्यानं हात मिळवला, ‘कमाल केलीत मॅडम,’ म्हणाला आणि नाश्त्याला निघून गेला. मी राहिले, आबा. माझं काम राहिलं. नवऱ्याला फोन केला तर तो रस्त्यात गाडी थांबवून रडला.

आता मी कुठून लिहितेय ते सांगते. मिरजेच्या दवाखान्यातून. उद्या सकाळी गुडघ्याचं ऑपरेशन आहे. वर्षभर उभं राहून शिकवता येणार नाही म्हणतात, पुढचं पुढं बघू म्हणतात, म्हणजे काय ते मला कळतं. मॅनेजरनं माणूस बघितलासुद्धा. नवरा बाहेर बाकावर बसलाय, सकाळपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही नाही. हे कागद त्याच्या हाती लागले तर तो मला काही बोलणार नाही, आणि तेच मला सहन होणार नाही. म्हणून लिहून झाले की फाडून टाकणार आहे.

सगळ्यांना मी सांगितलंय की फोन ठेवून निघाले आणि दवाच्या ओल्या गवतावर पाय घसरला. पाय घसरला नव्हता. ते सहा बॉल पलीकडे गेले, पण हाताला एकही कळला नाही. नीट लागलेला बॉल हाताला कळतो, तुम्हाला माहीत आहे. सहा-सात महिन्यांत मला तो एकदाही कळला नव्हता. मैदानावर कुणी नव्हतं. पाहुण्यांसाठी ठेवलेली एक उजवी काठी मी घेतली, आपल्या जुन्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि डाव्यानं ओढला. डॉक्टर काय म्हणाला होता ते मला चांगलं आठवत होतं. गुडघ्यात कट्ट झालं, डोळ्यांपुढं अंधारी आली, पण मी लगेच ओरडले नाही, आबा. आधी बॉल कुठं पडतोय ते बघितलं.