रंग फार प्रसन्न आहे

तीर्थस्वरूप मामीस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो असं आईकडून कळलं, बरं वाटलं. मामांचा खोकला नेहमीसारखा पाहुणे आल्यावरच येत असेल. मी मजेत आहे. वजन वाढलंय, तेव्हा काळजी नसावी.

मागच्या पत्रात तू लिहिलंस की ऑफिसात माझं कुणाशी पटत नाही, कारण माझ्या जिभेवर साखर नाही. मामी, मी पडलो टेस्टर. प्रोग्रामरनं चार महिने खपून काही उभं करायचं आणि मी पाच मिनिटांत ते कुठे मोडतं ते दाखवायचं (विहीणबाईंचंच काम, फक्त पगारी). आमच्या प्रोग्रामरला कितीही चुका कळवा, उत्तर एकच: "माझ्याकडे चालतंय." हल्ली सगळे त्याला त्याच नावानं हाक मारतात. सध्या आम्ही दातांच्या एका दवाखान्यासाठी पेशंटच्या वेळा नोंदवायचं सॉफ्टवेअर करतोय. त्यात कुणाची वेळ बदलली की नवी लागते, पण जुनी पुसलीच जात नाही; एकच माणूस दोन खुर्च्यांवर आ वासून बसलेला. हे मी तीनदा कळवलं. तिन्ही वेळा त्याच्याकडे चालत होतं.

मग म्हटलं, मामीचं ऐकून पाहू. सोमवारी रिपोर्ट लिहिला: "रंग फार प्रसन्न आहे. बटणं मोठी, म्हाताऱ्या माणसांच्या सोयीची. वेळ बदलल्यावर जुनी वेळ राहते, तेवढं सवडीनं पाहावं." प्रोग्रामर दोन वर्षांत पहिल्यांदा आपणहून माझ्या टेबलाशी आला, खुर्ची ओढून बसला आणि हळूच म्हणाला, "रंग खरंच आवडला?" तो निळा त्यानं कसा निवडला हे मी अर्धा तास ऐकलं. मला तर गहिवरून आलं. चूक मात्र होती तिथेच राहिली, कारण सवडीनं म्हणालो होतो. आमचे साहेब रिपोर्टाची पहिली ओळच वाचतात (दुसरीपर्यंत त्यांना फोन येतो). त्यांनी दवाखान्याला कळवून टाकलं की टेस्टरसुद्धा खूश आहे, पुढचा आठवडा कशाला, गुरुवारीच दाखवतो.

गुरुवारी आम्ही तिघं दवाखान्यात. काउंटरवरच्या बाई वीस वर्षं वही सांभाळणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आमचे निम्मे पेशंट वेळ बदलतात," आणि त्यांनी डॉक्टरांचंच नाव दहाला घालून चारला सरकवलं. डॉक्टर दहालाही दिसले, चारलाही. बाईंनी ते सहाला नेले. तीन डॉक्टर झाले. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी अक्कलदाढ हलली. "हे तुम्हाला दिसलं नव्हतं?" मी रिपोर्ट उघडून दिला. बाईंनी तो मोठ्यानं वाचला, मग चष्मा काढून विचारलं, "हे तुम्ही तिसऱ्या ओळीत का लिहिलंत?" नोकरी गेली असंच मी धरून चाललो होतो.

पण प्रोग्रामर कोपऱ्यातल्या बाकावर, सुजल्या गालांच्या दोन पेशंटांमध्ये, लॅपटॉप घेऊन बसला आणि चाळीस मिनिटांत त्यानं चूक दुरुस्त केली. बाईंनी सात वेळा तपासून मान डोलावली. परतताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी आधी शिव्या दे, रंगाचं नंतर सांग." तेव्हापासून आमचं छान चाललंय. मी चूक कळवली की तो म्हणतो, "माझ्याकडे चालतंय, पण थांब, तुझ्याकडे येऊन बघतो." एवढ्यावर मी तृप्त आहे.

मामांना नमस्कार.

तुझा,
खोडकाढ्या भाचा

ता. क. तू पाठवलेला स्वेटर मिळाला. गळ्यातून डोकं जात नाही. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा कानांवर अडकला. डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब आहे. उसवून पुन्हा विणशील का? त्यासाठीच हे पत्र. रंग छान आहे.

ता. क. २. मामांच्या स्वेटरचा गळाही तसाच आहे. लग्नापासून ते "ऊबदार आहे" एवढंच म्हणत आलेत. मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस.