दोन पत्रे, मंद आच

मंगळवार, ४ मार्च

ती. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

आई जाऊन उद्या सहा आठवडे होतील. तू तिसऱ्याच दिवशी परत गेलीस, त्याचा मला राग नाही. बाबांनी तुझ्याकडे पाठ फिरवली तेव्हा मी दारातच होते आणि चकार शब्द काढला नाही. राग आहे तो माझा माझ्यावर.

आता लिहिते ते घाबरून. बाबा जेवत नाहीत. दोन घास घेतात की ताट सरकवतात. डॉक्टर म्हणतात, घशात-पोटात काही दोष नाही. पण सतरा तारखेला वजन आणखी उतरलेलं दिसलं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. नळी म्हटल्यावर बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. मागितलं एवढंच, आई करायची तशी मक्याची लापशी, तिखटमिठाची.

वहीत आईची कृती सापडली. मक्याचा भरडा एक वाटी, पाणी पाच वाट्या, मीठ, मिरी, वरून तेलात परतलेला लसूण. शेवटी लिहिलंय, ‘दोन पत्रे, मंद आच.’ मी घरालगतच्या बाबांच्या दुकानातून दोन पत्रे कापून आणले, कडा घासल्या आणि एकावर एक पातेल्याखाली ठेवले. तासभर आच वर पोचलीच नाही. वर पाणी, खाली रेती! बाबांनी एक चमचा तोंडात घातला, पातेल्याखालचे पत्रे पाहिले आणि उठून गेले. पत्रे जाड निवडले का गं मी? दुकानात तुझ्या हातचं काम कधी बिघडत नसे, म्हणून तुलाच विचारते.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर धाड.
तुझी धाकटी

सोमवार, १० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

अगं शहाणे, शोभतेस खरी पत्र्याचं काम करणाऱ्याची लेक! पत्रे म्हणजे डब्याचे नव्हेत, टपालाने येतात ती. आईने मला एकदा लिहिलं होतं, तुझी दोन पत्रं वाचून होईतो माझी लापशी शिजते. एका हातात पळी, दुसऱ्यात पत्र. वेळ जावा म्हणून मनातल्या मनात वाचत असेल. माझी पत्रं म्हणजे पुराणच असायचं, तुला माहीत आहे. दिवसभर वजनकाटे तपासणारीला अंदाज चालत नाही, म्हणून तेवढा मजकूर वाचून घड्याळ पाहिलं. दोन पत्रांना पस्तीस मिनिटं लागतात.

भरडा आधी गार पाण्यात कालव. मग उकळत्या पाण्यात धार धरून सोड आणि पळी थांबू देऊ नकोस, थांबलीस की गुठळी. कडेपासून सुटू लागली की झाली.

हे माझ्याकडून आलं असं बाबांना कळू देऊ नकोस, नाहीतर लापशीवरही रुसतील. नऊ वर्षांपूर्वी मी दुकान सोडून या कारखान्यात आले, तेव्हापासून माझं नाव त्यांनी टाकलंय.

आणखी एक. आई दवाखान्यात गेली त्याच आठवड्यात मी तिला पत्र टाकलं होतं. न फोडलेलं सापडलं तर जाळून टाक. रागाच्या भरात बाबांविषयी नको ते लिहून बसले. तू वाचू नकोस.

माझा जीव तिकडेच लागला आहे, हे वेगळं लिहीत नाही.
तुझी ताई

रविवार, १६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घड्याळ लावून केली. एक गुठळी नाही, कच्चेपणा नाही. बाबांनी तीन चमचे खाल्ले आणि वाटी सरकवली. मी हात टेकले.

काल शेजारच्या शिंपीणकाकू डोकावल्या आणि मला रडूच फुटलं. त्या म्हणाल्या, आई मनात कधीच वाचत नव्हती, चांगलं खणखणीत वाचायची. मधली भिंत पातळ, त्यामुळे तुझं प्रत्येक पत्र त्यांनी ऐकलंय. पहिल्या ओळीला दुकानातली बाबांची हातोडी थांबायची, ती शेवटच्या ओळीनंतरच सुरू व्हायची. ताई, मी सकाळी कामावर जाते ती संध्याकाळीच येते. या घरात राहून मला पत्ता नव्हता.

दुकानाच्या फळीवर एक डबा निघाला, बाबांनीच केलेला. आत तुझी सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावलेली, वर ते न फोडलेलं. आज लापशी चढवली आणि एक जुनं पत्र मोठ्याने वाचायला घेतलं. बाबा उंबऱ्यात येऊन उभे राहिले. मी अडखळले तिथे पुढची ओळ त्यांनीच पुटपुटली. ते संपल्यावर त्यांनी डब्यातून न फोडलेलं काढून माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, ताईने नको म्हटलंय. ते म्हणाले, वाच, आणि पळी थांबवू नकोस.

वाचलं, ताई. बाबांना लेक नकोच होती, डाख देऊन पत्र्याचे सांधे जोडणारा हात हवा होता, तो गेला म्हणून राग, असं तू लिहिलं आहेस. तिथेही मी पळी थांबवली नाही. बाबा शेवटपर्यंत हलले नाहीत. मग पाटावर बसले, अख्खी वाटी खाल्ली आणि जरा घट्ट झालीय म्हणाले.

एका वाटीने उद्या काट्यावर काय फरक पडणार? मला धाकधूक आहेच. जेवल्यावर त्यांनी कागद मागितला. चिठ्ठी सोबत आहे. ही मी वाचलेली नाही, एवढा तरी विश्वास ठेव.

रागावलीस तरी चालेल, पण अंतर देऊ नकोस.
तुझी धाकटी

१६ मार्च

चि. थोरलीस,
आशीर्वाद.

डाख देणारे हात हवे तेवढे मिळतात. नऊ वर्षांत तिघे काम मागायला आले. एकालाही ठेवलं नाही. तुझी कात्री जागेवर आहे, तिला तेल देतो.

यायचं की नाही ते तू ठरव. तोवर लिहीत जा, लांब लिही. डब्यातली सगळी पाठ झाली आहेत, आणि लापशीला दोन लागतात.

बाबा