आकडा आधी कुणी सांगायचा

शहापूर, ३ जून २०२५

ती. पूर्णिमा आत्यास,
आरोहीचा सा. न.

आत्या, मला नोकरी लागली. उद्यमबागेत पंपांचे भाग करणाऱ्या कंपनीत, हिशेबाच्या खात्यात. बी.कॉम.चा निकाल लागून पंधरवडाही झालेला नाही. आईनं गल्लीभर पेढे वाटले आणि आप्पांनी दिवसभर माग बंद ठेवला, म्हणजे बघ.

फोनवर आप्पा स्पीकर लावतात आणि सगळं घर बोलतं, म्हणून हे पत्र. मुलाखतीत मॅडमनी विचारलं, पगाराची अपेक्षा किती. मी सवयीनं म्हणाले, तुम्ही द्याल ते. खडेबाजारातल्या दुकानात विणलेली साडी देताना आप्पा हेच म्हणतात. मग दुकानदार आकडा काढतो, आप्पा मान हलवतात, चहा येतो, भाव चढतो. इथं मॅडमनी पंधरा हजार लिहिले आणि पुढच्याला बोलावलं. चहासुद्धा नाही. माझ्याच वर्गातल्या समर्थनं अठरा सांगितले, त्याला अठरा मिळाले. काम तेच.

सोमवारी सही करायची आहे. आप्पा म्हणतात, लई शाणपणा करू नको, हातचं जाईल. मी काय करू?

तुझी लाडकी,
आरोही

निपाणी, ५ जून २०२५

चि. आरोहीस,
अनेक उ. आ.

तुझं पत्र वाचून शाळेच्या स्टाफरूममध्येच नाचावंसं वाटलं. दोघी बाईंना वाचूनही दाखवलं, तुला न विचारता. रागावू नकोस.

आधी लिहिलं होतं, मुकाट सही कर. मग वाटलं, हे तुझ्या भल्यासाठी की माझ्या धास्तीपोटी? ते फाडलं. मग लिहिलं, ठणकावून माग. तेही फाडलं, कारण नोकरी गेली तर माझा पगार चालूच राहील, घरी बसशील तू. तरी सांगते, विचार. पुढची प्रत्येक वाढ या पंधरावरच धरली जाईल. सहीच्या आधी ती विचारणा असते, नंतर तक्रार होते. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. तुला गप्प बसणं जमेल का, हीच मला काळजी.

नाहीच म्हणाले, तर सहीचं तूच ठरव. अण्णाला, म्हणजे तुझ्या आप्पाला, मी समजावते. तो माझ्यावर ओरडेल, मला सवय आहे.

माया आहेच, ती पत्रागणिक वाढू दे.
तुझी आत्या

शहापूर, ९ जून २०२५

ती. आत्यास,
सा. न.

आत्या, अठरा! मॅडमना म्हणाले, आमच्याकडं तुम्ही द्याल ते म्हटल्यावर बोलणं सुरू होतं, आपलं अर्धंच राहिलं. आकडा सांगितला आणि पंख्याकडं बघत बसले. मॅडमनी माझी गुणपत्रिका पुन्हा काढली. त्या दिवशीच का नाही बोललीस म्हणून दटावलं, पंधरावर काट मारली, अठरा लिहून शेजारी सही केली. मग मी केली. तुझ्याशी भांडायला फोन हातात घेतलेले आप्पा आता पेढे आणायला गेलेत.

जिन्यात यल्लव्वा भेटली. गेल्या वर्षी लागलेली, बिलं बघते. तिनं कन्नडमध्ये हळूच विचारलं, किती ठरलं. मी सांगितलं. तिला अजून चौदाच आहेत. कधी विचारलंच नाही, म्हणाली. मग ओढणी सारखी केली, मला खाली थांबायला सांगितलं आणि परत वर गेली.

बाहेर माझा रिक्षावाला हॉर्न मारून मारून दमला. मी त्याला जायला सांगितलं आणि पायरीवर बसले.

तुझा हात पाठीवर असाच असू दे.
आरोही