डावा पंखा, उजवा पंखा

चौसाळा,
ता. १० जानेवारी १९७३

चि. बन्सीस,
भामाक्काचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं डिसेंबरातलं पत्र पोचलं. अमेरिकेला गेलास म्हणून अक्षर सुधारलं असेल असं वाटलं होतं, पण ते होतं तिथंच आहे. शाळेत मीच तुझ्या हातावर पट्टी मारायला हवी होती.

इकडचं काय सांगू? पटावर पंच्याऐंशी मुली आहेत, काल हजर एकोणीस. बाकीच्या आईबापांबरोबर नेकनूरच्या रस्त्यावर, दुष्काळी कामाची खडी फोडायला. आपली आईही तिथंच आहे. मी मास्तरीण, घरी बस म्हटलं, तर म्हणते, कावून बसू, हात मोडलेत का माझे?

सोसायटीच्या गोदामात सहा आठवड्यांचं धान्य उरलंय. चेअरमन सुंदरराव सांगतात की अमेरिकेहून तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, घेऊन जहाजं निघालीत. मी बायांना बोलून बसले की त्यातल्या एका जहाजावर आमचा बन्सी आहे. झालं! आता रोज पाण्याच्या रांगेत मला विचारतात, मास्तरीणबाई, जहाज कुठवर आलं? तुझं जहाज पळतं तरी किती रे?

जेवत जा. आईची आणि माझी माया तुझ्यासोबत आहेच.

तुझी,
भामाक्का

*

गॅल्व्हेस्टन बंदर, अमेरिका,
ता. २८ जानेवारी १९७३

ती. आक्कास,
बन्सीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र परवा एजंटाकडून मिळालं. पट्टी मारायला अजून वेळ गेलेली नाही.

बायांना सांग, आमचं ‘रत्नमेघा’ आपल्या रस्त्यावरचा सायकलवाला जाईल तेवढंच पळतं. पोटात बारा हजार टन मिलो भरलाय. सुएझचा कालवा बंद, म्हणून सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून यायचं. वाटेत डकारला तेल घ्यायचं, मग थेट मॉरिशसला. मधल्या दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांत आपली जहाजं जात नाहीत. तिथं काळ्या माणसाला कसं वागवतात ते तुला सांगायला नको. तेव्हा तेल जपून वापरावं लागतं, आणि त्याच गोष्टीनं मला छळलंय.

आमच्या जहाजाला दोन इंजिनं आहेत आणि मागे पाण्याखाली दोन पंखे, डावा नि उजवा. ते पाणी मागे लोटतात, जहाज पुढे जातं. मागच्या वर्षी डाव्याची पाती मोडली तेव्हा दुसऱ्या कारखान्याचा पंखा बसवला. इथं माल भरण्याआधी जहाज हलकं होतं, पंखे अर्धे वर आले होते. मी होडीतून गेलो, पात्यांवरचे शिंपले खरवडले आणि फळी लावून पात्यांचा पीळ मोजला. डाव्याचा पीळ जास्त आहे. एका फेऱ्यात तो उजव्यापेक्षा वीतभर जास्त पाणी कापतो.

आमचे चीफ इंजिनियर मेंडोन्सा साहेब. त्यांचा नियम असा, की दोन्ही इंजिनांचे फेरे सारखे हवेत. पण फेरे सारखे म्हणजे काम सारखं नव्हे. डावं इंजिन तापतं, उजवं नुसतं फिरतं. डावीकडून जोर जास्त, म्हणून जहाजाचं तोंड उजवीकडे जातं. ते सरळ ठेवायला सुकाणू सारखं तिरकं धरावं लागतं, आणि तिरकं सुकाणू पाण्याला आडवं येतं. तेल जळतं ते ह्यात. डाव्याचे फेरे थोडे उतरवायचे, उजव्याचे थोडे चढवायचे, दोघांवर भार सारखा आला की झालं.

साहेबांना सांगितलं, तर नाही म्हणाले. पूर्वी एका जहाजावर दोन पंख्यांचे फेरे वेगळे ठेवले, तेव्हा सगळं शेपूट थरथरू लागलं, इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याचं बेअरिंग फुटलं आणि एका तेलवाल्या खलाशाचा हात गेला. तो हात साहेबांनी स्वतः फडक्यात गुंडाळला होता. आक्का, मला कामाला उभं केलं ते ह्याच माणसानं. मी पुढं काय बोलणार?

परवा निघतो. आईला जप, आणि माझ्या अक्षराचा राग आला तरी पत्र लिहीत राहा.

तुझा,
बन्सी

*

चौसाळा,
ता. १२ फेब्रुवारी १९७३

चि. बन्सीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

हे पत्र मॉरिशसच्या पत्त्यावर टाकते आहे.

घाबरू नकोस, पण सांगायला हवं. मंगळवारी आई कामावर चक्कर येऊन पडली. मुकादमानं सावलीत नेली, पाणी पाजलं. तिथं सुकडी वाटतात, ती आई पदरात बांधून आणते आणि शेजारच्या छबुबाईच्या पोरींना देते. मला म्हणायची की तिकडंच खाल्लं. मी मास्तरीण, आणि घरातलं एवढं मला कळू नये!

गोदामात आता एकशेबारा पोती आहेत. सोसायटीच्या पंचांत मी एकटी बाई. सुंदररावांनी ठराव मांडलाय की पुढचं धान्य आधी सभासदांना. आपली तीन एकर आहे, आईच्या नि माझ्या नावावर शेअर आहे, म्हणजे आपल्याला मिळेल. पण ज्यांना भुई नाही अशी साठ घरं सभासद नाहीत. त्यांना उरलं तर. ठरावावर सगळ्या पंचांच्या सह्या लागतात, माझी राहिलीय.

सुंदरराव काल घरी आले. वाईट बोलले नाहीत. म्हणाले, बाई, सभासदांना सोडून वाटलं तर माझ्या दारात काठ्या घेऊन उभे राहतील, मी तरी काय करू? आई आत निजलेली होती. खोटं कशाला सांगू, मी टोपण काढून पेन हातात धरला होता. मग उद्या सांगते म्हटलं. तो उद्या आज आहे.

तुझं पंख्याचं मला पुरतं कळलं नाही. एवढंच कळलं की लवकर येता येईल. मग ये रे.

तुझी,
भामाक्का

*

डकार बंदर,
ता. १७ फेब्रुवारी १९७३

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र इथं आलं नाही. आईला कसं आहे?

मी एक गोष्ट केली ती आधी तुला सांगतो. दुपारी बारा ते चार इंजिनावर माझी पाळी असते. तीन दुपारी मी साहेबांना न विचारता डाव्याचे फेरे पाचाने उतरवले, उजव्याचे चाराने चढवले. पाळी संपताना पुन्हा सारखे करायचो. चौथ्या दिवशी वरून कॅप्टनचा फोन आला, की दुपारी बारा ते चार सुकाणू सरळ कसं राहतं, आणि नंतर तिरकं का होतं? फोन साहेबांनी घेतला. ते माझ्याकडे वळले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, की वर जा, आता ह्या खोलीत तुझं काम नाही. चार दिवस मी तळाच्या गटारातला गाळ उपसतोय. साहेब समोरून जातात, बघत नाहीत.

इथं आल्यावर नवीनच संकट. मागितलेलं तेल मिळालं नाही. मॉरिशसपर्यंत नेहमीच्या चालीनं जेवढं लागतं जेमतेम तेवढंच टाक्यांत आहे, वर तीन दिवसांचं राखीव लागतं ते नाही. बाकीच्या तेलासाठी दहा दिवस थांबायला सांगतात. हळू गेलं तर तेल वाचेल, पण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपच्या समुद्रात हळू जाणारं जहाज लाटांच्या हाती जातं. कॅप्टननं माझ्या तीन दुपारींच्या नोंदी मागवल्या. तासाला लागलेलं तेल मांडून पाहिलं तर शंभरात सात वाचतं. तेवढ्यानं दोन दिवसांचं राखीव होतं. कॅप्टन म्हणाले की चीफची सही असेल तर उद्या निघू, नसेल तर थांबू.

आज दुपारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले नाहीत. विचारलं, की केपला बेअरिंग तापलं तर काय करशील? मी म्हटलं, फेरे पुन्हा सारखे करीन, आणि मग तेल पुरणार नाही, वाटेत मादागास्करला आसरा घ्यावा लागेल. त्यांनी माझ्या नोंदींचा कागद पुढ्यात ओढला. मग म्हणाले, काही होणार नाही असं म्हणाला असतास तर मी सही केली नसती. आणि सही केली.

उद्या सकाळी निघतोय. बारा हजार टन धान्य आणि सत्तेचाळीस माणसं माझ्या फळीवरच्या मापावर चालली आहेत. आक्का, भीती वाटते.

आठवण ठेवा.
बन्सी

*

चौसाळा,
ता. ४ मार्च १९७३

चि. बन्सीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

डकारचं पत्र काल आलं. वाचून आईला अर्धंच सांगितलं. चोरून केलंस ते वाईट केलंस. ज्यानं हाताला धरून शिकवलं त्याच्या पाठीमागं करायचं नसतं. तोंडावर भांडायचं. पण आता तू समुद्रात आणि मी इथं, रागावून काय उपयोग? रोज नकाशा काढून बसते. मुली विचारतात, बाई, आज भूगोल हाय का?

मी सही केली नाही. सुंदररावांच्या तोंडावर सांगितलं, की रेशनकार्डाप्रमाणे सगळ्यांना थोडं थोडं वाटा, मग सही घ्या. ते म्हणाले, आईचं बघा आधी. ते लागलं रे. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, छबुची चूल थंडी आन माझी पेटलेली, मला घास उतरंल का? लई शिकलीस तू, पर इचारायला लागतंय व्हय?

मग बीडला तहसील कचेरीत गेले. पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये. तिसऱ्या दिवशी मी बसमधून उतरले तर मागच्या ट्रकमधून खडीवरच्या बाया उतरल्या. एक दिवसाची मजुरी बुडवून चाळीसजणी, पुढं आई. मी कुणाला बोलावलं नव्हतं. कचेरीच्या पायऱ्यांवर मुकाट्यानं बसल्या. संध्याकाळी हुकूम निघाला: वाटप कार्डाप्रमाणे.

पण वाटायचं काय? उरलेली पोती आठ दिवसांत संपली. गोदामाला कुलूप आहे. दारावर हुकूम चिकटवलाय आणि आत उंदीरसुद्धा नाही. ज्यांनी सही केली ते पंच मला रस्त्यात बघून थुंकतात. सुकडीवर दिवस काढतोय. आई आता माझ्यासमोर खाते, मी बघत बसते.

पोचल्याबरोबर दोन ओळी तरी लिही.

तुझी,
भामाक्का

*

पोर्ट लुई, मॉरिशस,
ता. १४ मार्च १९७३

ती. आक्कास, ती. आईस,
बन्सीचा जयभीम. वि. वि.

पोचलो. तुझी दोन्ही पत्रं इथं एकदम मिळाली. दुसरं आधी उघडलं म्हणून बरं झालं.

केपपर्यंत सगळं सुरळीत होतं. साहेबांनी मला पुन्हा पाळीवर घेतलं, पण कामापुरतंच बोलायचे. केपला वाऱ्यानं गाठलं. जहाज आपटायचं तेव्हा शेपूट वर यायचं, पंखे हवेत फिरायचे आणि पुन्हा पाण्यात बुडताना सगळ्या जहाजाला हिसका बसायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या दांड्याचं मागचं बेअरिंग तापायला लागलं. तो दांडा एका लांब बोगद्यातून जातो. माणूस वाकून चालेल एवढाच तो बोगदा. मी फेरे सारखे करायला हात घातला, तेवढ्यात साहेब म्हणाले, थांब. आणि अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस तेलाचा डबा घेऊन बोगद्यात शिरला.

दुपारपर्यंत आत बसले. बेअरिंगवर हात ठेवून. फोनवरून मला सांगायचे, डावा एक फेरा कमी कर. आता उजवा एक कमी. आता थांब, थरथर वाढली. पुन्हा वर. माझं माप शांत पाण्यातलं होतं, लाटांतलं नव्हतं. ते मला माहीतच नव्हतं आक्का. कुठल्या फेऱ्यांना दोन पंखे एकमेकांशी भांडतात आणि कुठल्या फेऱ्यांना गप्प राहतात, हे त्यांनी तळहातानं शोधून काढलं. दोन वाजता म्हणाले, गार व्हायला लागलंय. बाहेर आले तेव्हा उजव्या तळहाताची कातडी सुटली होती. मी मलम लावलं. मी माफी मागितली, पंख्याची नव्हे, त्या तीन दुपारींची. ते म्हणाले, पुन्हा विचारायला ये, मी पुन्हा नाही म्हणेन, तू तिसऱ्यांदा ये.

वादळात दोन दिवस गेले आणि राखीव तेलही गेलं. काल इथं नांगर टाकला तेव्हा टाक्यांत अकरा टन होतं. जेमतेम आठ तासांचं.

साहेबांनी इंजिनच्या खोलीत नवा हुकूम लावलाय. फेरे नव्हे, भार सारखा ठेवावा. कुठले फेरे टाळायचे तेही लिहिलंय. हात बांधलेला, म्हणून अक्षर माझ्याहून वाईट आलंय.

उद्या मुंबईकडे निघतो. नऊ दिवस. बायांना सांग.

तुमचाच,
बन्सी

*

चौसाळा,
ता. १२ एप्रिल १९७३

चि. बन्सीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

मुंबईला पोचूनही सहा दिवस माल उतरवायला धक्का मिळाला नाही, समोर शहर दिसत होतं, असं तू कार्डात लिहिलंस. वाचून मी जेवले नाही. पण आता ऐक. सोमवारी धान्याचे दोन ट्रक आले. तांबडा मिलो. तुझ्या जहाजातला की दुसऱ्या, ते कुणाला कळणार? बाया म्हणतात तुझाच. मी नाही म्हणत नाही.

सुंदररावांनी स्वतः काट्यापाशी उभं राहून कार्डाप्रमाणे नावं वाचली. माझ्याकडे पाहिलं नाही, पण माप कुणाला कमी घातलं नाही. संध्याकाळी वाड्यावस्त्यांवर धूर दिसला. मी शाळेच्या ओट्यावरून मोजायला लागले आणि मग मोजायचं सोडून दिलं.

दुसरी बातमी. माझी बदली झाली. पाटोद्याच्या पलीकडं, डोंगरातली शाळा. कुणी करवली ते विचारू नकोस. शनिवारी निघते. तू रजेवर येशील तेव्हा मी इथं नसेन. आईला चल म्हटलं, तर आली नाही. कारण ऐकशील तर हसशील. पंचांतली माझी जागा रिकामी होते, आणि खडीवरच्या बायांनी तिथं आईचं नाव दिलंय. शेअर आहे, सभासद आहे, कुणाला नाही म्हणता येईना. सुंदरराव म्हणाले, त्यांना सही येत नाही, ठराव कसे करणार?

तेव्हापासून आठ दिवस घरात पाटी-पेन्सिल चालू आहे. मी इतक्या मुली शिकवल्या, पण अशी हट्टी विद्यार्थीण पाहिली नाही. भ चा म होतो, की पुसते. रकार खाली उतरतो, की पुसते. म्हणते, मोडकी सही बघून हसतील, आन मग ठराव कोन ऐकंल माझा?

आज म्हणाली, बन्सीच्या पत्रावर करते, तो लांब हाय, हसला तरी मला ऐकू येणार न्हाई. आशीर्वाद तिचेही आहेत. मी कागद तिच्यापुढं सरकवते आहे.

तुझी,
भामाक्का

भि व रा बा ई