मनगटाचे पेढे

शेलार, भिवंडी
बुद्धपौर्णिमेनंतरचा रविवार

चि. दिपिकास,

बाबांचा सप्रेम जयभीम. जावईबापूंनाही जयभीम, आणि चि. धम्मदिनाच्या प्लास्टरला (हाताला नंतर, आधी प्लास्टरलाच) आजोबांचा खास नमस्कार. तुझी कंबर, त्यांची शुगर आणि तिकडची थंडी, या तिन्ही गोष्टी एव्हाना उतरल्या असतील असं धरून चालतो. इकडे आई ठीक, मी ठीक, ऊन मात्र ठीक नाही.

तुमच्या बास्केटबॉलच्या प्लेऑफ मॅचेस रिचार्जबरोबर फुकट मिळाल्या, असं मी सगळ्यांना सांगतो. खरा खर्च असा: उतू गेलेलं दूध, तीन वेळा; करपलेला तवा, एक; वज्रेश्वरीला लग्नाला जायची चुकलेली एसटी, एक (त्यामुळे तुझा मावसभाऊ बाबू अजून माझ्याशी बोलत नाही); आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सकाळचं चालणं, सगळंच्या सगळं. मॅच नेमकी आमच्या पहाटे सहाला लागते, त्याला मी काय करणार?

पण हे सगळं का केलं, ते सांगतो. तू आईला म्हणालीस की बाबा माझ्यावर रागावलेत, फोनवर एक मिनिट बोलतात आणि ‘घे, आईशी बोल’ म्हणून मोकळे होतात. आणि त्या रविवारपासून धम्मदिना आजोबांचं नाव काढलं की खोलीत जाऊन दार लावून घेते. बाळा, राग कसला? इथे नेटवर्क खराब आहे. वडप्यापासून इकडे एवढी गोडाऊनं झाली, त्या पत्र्यांनी सिग्नल अडतो असं माझं मत आहे. (शेजारच्या राघोचा फोन इथे चांगला चालतो, पण त्याची कंपनी वेगळी.) म्हणून फोनऐवजी हे पत्र. कागदाला नेटवर्क लागत नाही.

त्या रविवारीही नेटवर्कच नडलं. धम्मदिना बोलत होती, पुष्कळ वेळ बोलत होती, आणि एवढीशी पोर एवढं बोलतेय म्हणजे शाळेची बास्केटबॉलची फायनल हिने मारलीच, असा मी अंदाज बांधला. ‘शाब्बास! मला माहीतच होतं!’ असं ओरडून फोन आईकडे दिला आणि तडक नाक्यावरून किलोभर पेढे आणले. अकरा घरं वाटून झाली. बाराव्या दारात गुणाबाई. ‘कसले रं पेढे, लहानू?’ म्हटलं, ‘नात अमेरिकेत जिंकली.’ तिने पेढा तोंडात टाकून आशीर्वादाला हात वर केला, तोच तुझी आई फोन हातात तसाच धरून गल्लीतून धावत आली. ‘अवो, पोरीचं मनगट मोडलंय! फायनल खेळाया न्हाय मिळनार म्हनून रडत व्हती ती, आन् तुमी शाब्बास म्हनता?’ गुणाबाईचा हात वरच राहिला. ती आईला म्हणाली, ‘मंग आता मी ह्यो गिळू का थुकू?’

तर नातीचं मनगट मोडल्याबद्दल अख्ख्या आळीचं तोंड गोड करणारा भिवंडी तालुक्यातला मी पहिलाच माणूस असेन. गल्लीत लोक हसतात, त्याचं मला काही नाही. पण आजोबा आपल्याला हसले असं त्या नऊ वर्षांच्या जिवाला वाटतंय, ते मला झोपू देत नाही. म्हणून ठरवलं की हिचा खेळ आधी समजून घ्यायचा, मगच तोंड उघडायचं.

समजला तो असा. त्याच दोन टीम सात-सात वेळा एकमेकांशी खेळतात. पहिल्या दिवशी हात मिळवतात, चौथ्यापर्यंत डोळे वटारतात, सातव्याला व्याही झाल्यासारखे एकमेकांच्या सगळ्या खोडी तोंडपाठ. शेवटची दोन मिनिटं वीस मिनिटं चालतात. तुझी मावशी निघते म्हणून उंबऱ्यात उभी राहते, तशी. क्रिकेटवाल्यांनी हे बघावं. त्यांच्याकडे एक माणूस घाम गाळतो आणि दहा जण पँटला हात पुसत उभे असतात. फुटबॉलमध्ये दीड तास धावून शून्य-शून्य, म्हणजे दिवसभर लूम चालवून कापड नाही. बास्केटबॉलला माल निघतो, हे मान्य.

तरी कबड्डी ती कबड्डी. (शेलारच्या संघात मी डावा कोपरा होतो, हे धम्मदिनाला सांग. तू लहानपणी शंभरदा ऐकलंयस, तिने एकदाही नाही.) बास्केटबॉलमध्ये सहा फाऊल झाले की माणूस बाहेर तो बाहेर. आपल्यात मेलेला गडी बाजूला बसतो, सोबत्याने समोरचा एक टिपला की पुन्हा जिवंत होऊन आत येतो. बाहेर बसलेल्या गड्यासाठी कुणीतरी आत झटतंय, ही सोय तुमच्या खेळात नाही. एवढं सोडलं तर खेळ चांगला आहे.

आणि कानांना तर फारच चांगला. तुला माहीत आहे, मी लूमच्या कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो तेव्हा चाळीस लूमच्या खडखडाटात कुठल्या लूमचा धोटा अडखळतोय ते दारातून सांगायचो. शेठ म्हणायचा, ‘मशीन मत खोलो, पहले लहानू का कान लाओ.’ त्या कानांवर मी मिस्त्री झालो, मग सहा लूमचा मालक, आणि त्याच कानांवर तू इंजिनियर झालीस. तेच कान आता प्लेऑफला लावलेत. टीव्हीकडे पाठ करून चहा गाळतो आणि नुसत्या आवाजावरून सांगतो, बॉल गेला की नाही गेला. रिंगला लागला तर ठण्ण, सरळ जाळीतून उतरला तर सुपातून तांदूळ सरकल्यासारखा. आई बघून खरंखोटं करते. दहातले नऊ बरोबर, परवा तर दहाच्या दहा. आई नुसती मान हलवते. कौतुक तिला कधी जमलंच नाही.

शेजारच्या राघोची मात्र काळजी वाटते. बिचारा वडप्याच्या गोडाऊनमध्ये नाइट ड्युटी करून सकाळी झोपतो, मध्ये एकच भिंत. परवा म्हणाला, ‘काका, तुमच्या टीव्हीचा कायपन तरास न्हाय हां, निवांत झोप लागते.’ टोमणा मला कळतो. दुसऱ्या दिवशी डझनभर आंबे पाठवले.

एक गोष्ट धम्मदिनाला वाचून दाखव. ज्याच्यावर फाऊल झाला, तो गडी बॉल टाकायला रेषेवर एकटा उभा राहतो. रिंगच्या मागे हजारो लोक हात हलवतात, बोंबलतात. तो कुणाचं काही ऐकत नाही. दोनदा बॉल आपटतो, श्वास घेतो, टाकतो. मला तो माणूस सगळ्यात आवडला. तिला म्हणावं, मनगट जुळलं की तू अशीच उभी राहा. हातून बॉल गेला तरी शाब्बास, नाही गेला तरी शाब्बास. या वेळी मी समजून उमजून म्हणतोय.

तुझे,
बाबा

ता.क. नेटवर्क चांगलं आहे. मागच्या महिन्यात कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. डावा कान लूमने घेतला, उजवा अर्धा उरलाय. मशीन बसवायचं म्हणतात. आईला यातलं काही ठाऊक नाही, तूही सांगू नकोस.

आणखी ता.क. खरं मागणं हे आहे. धम्मदिनाला म्हणावं, कशी पडलीस ते आजोबांना पुन्हा एकदा सांग, व्हिडिओवर, तोंड दिसेल असं, सावकाश. पहिल्यांदा सांगितलंस त्यातलं एक अक्षरही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

शेवटचं ता.क. पाकीट बंद करण्याआधी आईने पत्र वाचलं. कानाचं तिला दिवाळीपासून माहीत आहे म्हणते. आणि राघोची झोप मोडू नये म्हणून टीव्हीचा आवाज तिने पहिल्या मॅचपासून बंद ठेवलाय.