तुझं गोठ्यातलं लुगडं

आई, आज मी माईकवर बोलले. मजा आली बघ. गडमुडशिंगीच्या आपल्या दूध संस्थेत एक साहेब आलेले. म्हणाले, "आजी, जनावरं पाळून घरची गरिबी कशी हटली, सांगा की." मी सांगितलं, एका म्हशीच्या चार झाल्या, शेणावर गॅस पेटला, स्वतःचं शेत नसताना ऊसतोडीला जाऊन उसाचं वाडं आणून वैरण केली, लेक शिकून मास्तर झाला. मधेच नात ओरडली, "आज्जी, मोठ्यानं बोल!" मला मोठ्यानं बोल म्हणणारी ही पहिलीच! असो. एक गोष्ट मात्र तिथं सांगितली नाही. ती तुला लिहिते. टपालात टाकायचं नाही, त्यामुळं सगळं लिहिता येतंय.

इचलकरंजीत यांचे माग बंद पडले, त्या साली तू म्हैस घेऊन आमच्यात राहायला आलीस. तिच्याच दुधावर आमची चूल पेटायची. पण ती तुझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. मी बसले की लाथ. तू हसायचीस, "भांडखोर बाई वळखतीय ती." आणि मग तू अशी अचानक गेलीस. म्हशीनं दोन दिवस दूध चोरलं. कास दगडासारखी झाली, वैरणीला तोंड लावीना, नुसती दाराकडं बघत उभी. ती आटली तर पोरांच्या ताटात काय वाढू, एवढंच माझ्या डोक्यात.

तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर जाऊबाई तुझ्या कपड्यांचं गाठोडं बांधत होत्या, देऊन टाकायला. त्यातनं मी तुझं काळ्या काठाचं लुगडं ओढलं, गोठ्यात नेसायचीस ते, शेणाच्या वासाचं.

"अगं, मेल्या माणसाचं अंगावर घेतीस व्हय? डोकं फिरलं काय?"

"फिरलंय," म्हणाले आणि नेसले. तुझ्यासारखा पदर कपाळावर ओढून, तोंड मिटून म्हशीखाली बसले. बोलले असते तर तिनं ओळखलं असतं की! तिनं पदर हुंगला, लांब श्वास सोडला आणि पान्हा घातला. चरवीत फेस वर चढायला लागला.

सोप्यात सगळी माणसं तुझ्यासाठी बसलेली, आणि आई, मी त्या फेसाकडं बघून हसत होते. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पदर तोंडात कोंबलेला, खांदे गदगदा हलत होते. मागनं गोठ्यात आलेल्या जाऊबाईंना वाटलं, रडतीय. त्या पाठीवरनं हात फिरवत राहिल्या. मी त्यांना तसंच वाटू दिलं.